नवरी एकटी कशावरून?

राऊत मॅडम सकाळी कॉलेजात आल्या की प्रयोगशाळेचं कुलूप आधी उघडत नसत. जिन्याखालची पिवळी बादली नळाखाली भरून घेत, इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला जात आणि तिथल्या चौकोनी खड्ड्यात ती सावकाश रिकामी करत. खड्ड्यात झाड नव्हतं. खाली मीठ होतं, कोळसा होता आणि त्यात पुरलेली तांब्याची पट्टी. ते आमच्या यंत्रांचं अर्थिंग होतं. माती सुकली की स्क्रीनवरच्या सरळ रेषेवर विजेची जाड, केसाळ लाट चढायची आणि त्या लाटेत आम्हाला जो इवलासा करंट मोजायचा असे तो बुडून जायचा. कॉलेजातली मुलं त्या खड्ड्याला ‘मॅडमची तुळस’ म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं.

"तुळशीले पानी घातलं तं पुन्य भेटते म्हनते," त्या म्हणायच्या. "मले पुन्य नको. रेघ सरळ पायजे."

उन्हाळ्यात कारंज्याला पाण्याची ओढ सुरू झाली की प्राचार्य त्यांना अडवत. रिकाम्या खड्ड्यात पाणी ओतणारी बाई लोकांना दिसते, बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅडम वाद घालत नसत. डिस्टिल्ड पाण्याच्या यंत्रातून वाया जाणारं कोमट पाणी त्या बादलीत साठवू लागल्या. ते भरायला अर्धा दिवस लागायचा. तोवर रेघ केसाळच. मी स्टुलावर बसून त्या रेघेकडे पाहत राहायचे आणि मनातल्या मनात प्राचार्यांना, खड्ड्याला आणि मॅडमना शिव्या द्यायचे.

मी वाशिमची. शाळा इंग्रजी माध्यमाची, पदवीही बाहेर घेतलेली. पीएचडीसाठी घराजवळ राहायचं ठरलं तेव्हा कुणीतरी सांगितलं की कारंज्याच्या एका कॉलेजात एक बाई पेशींमधला करंट मोजतात. मला ती थाप वाटली होती. हे काम मोठ्या संस्थांत, बंद काचांच्या खोल्यांत चालतं. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा मॅडम टेबलाखाली आडव्या पडून ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरत होत्या. मी इंग्रजीत स्वतःची ओळख करून दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"बरं बोलतेस," त्या खालूनच म्हणाल्या. "आता पंप धर."

त्या ट्यूबवर दगडी फरशी होती आणि फरशीवर सूक्ष्मदर्शक. जमिनीचे हादरे वर पोचू नयेत म्हणून ही सोय. भोवती तारेच्या जाळीचा पिंजरा, बाहेरची वीज आत शिरू नये म्हणून. पुण्याच्या एका संस्थेने काढून टाकलेलं करंट मोजायचं यंत्र मॅडमनी मांडीवर घेऊन आणलं होतं, एसटीने. मागच्या भिंतीपलीकडे जिनिंग होती, कापसातली सरकी काढणारी गिरणी. या सगळ्या मांडणीत तिचाच काय तो विचार कोणी केला नव्हता.

आमचा प्रश्न तसा साधा होता. हृदयाच्या पेशींच्या पडद्यात पोटॅशियम बाहेर सोडणारी प्रथिनांची दारं असतात, त्यांना चॅनल म्हणतात. असं एक दार एकटं असलं तर पटकन उघडतं आणि थोडाच करंट जाऊ देतं. पण दुसरं एक लहानसं प्रथिन त्याला येऊन चिकटलं की तेच दार हळूहळू उघडतं, उघडतच राहतं आणि करंट कितीतरी मोठा होतो. हे छोटं प्रथिन स्वतः दार नाही. ते फक्त सोबत उभं राहतं. त्याच्यात थोडा बदल केला तर दाराची चाल कशी बदलते, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी घ्यायच्या. काहींत फक्त दाराचा जीन घालायचा, काहींत दोन्ही, आणि दोघांचे करंट शेजारी ठेवायचे.

मॅडम त्या लहान प्रथिनाला करवली म्हणत.

"नवरीसंगं करवली असते का नाई? ती काही लगन लावत नाई. पन ती संगं असली की नवरीची चालच बदलते. आपल्याले येवढंच पायचं हाय, नवरी एकटी कशी चालते आनि करवलीसंगं कशी चालते."

हे त्या विद्यापीठातल्या परिसंवादातही असंच्या असं बोलल्या होत्या. समोरचे लोक हसले. मी मान खाली घातली. मॅडम मात्र लोक हसायचे थांबेपर्यंत वाट पाहून पुढच्या स्लाइडवर गेल्या.

आमच्या गोठवलेल्या पेशी ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. तो कारंज्यात एकाच ठिकाणी असे, जनावरांच्या दवाखान्यात. तिथल्या डब्यात वळूंच्या वीर्याच्या कांड्या असत, आणि त्यांच्याच शेजारी, वेगळ्या डबीत, आमच्या पेशी. मॅडम डबी काढायला गेल्या की गाय घेऊन आलेले शेतकरी त्यांना डॉक्टरीणबाई समजत.

"मॅडम, जर्सी हाय काय?"

"नाई भाऊ. हॅमस्टर हाय."

"ते कोनतं?"

"उंदरावानी असते."

"त्याच्यानं दूध वाढते काय?"

"कायचं दूध! माया पोरीचं डोकं वाढते त्याच्यानं."

माझ्याकडे बोट दाखवून त्या असं म्हणत. मी गायीच्या पलीकडे जाऊन उभी राहायचे.

काम चालायचं ते असं. चिमटीत मावेल अशा काचेच्या नळीचं टोक पेशीला अलगद टेकवायचं आणि तोंडातल्या रबरी नळीने किंचित ओढायचं. काच आणि पेशीचा पडदा असे घट्ट चिकटले पाहिजेत की मधून काहीच गळणार नाही. मग अजून एक हलका झटका, पडदा फुटतो आणि पेशीच्या आतलं सगळं तुमच्या यंत्राला जोडलं जातं. हे दहा पेशींत एखाद्या वेळी जमतं. आणि जमलं की भिंतीपलीकडे जिनिंगमध्ये कापसाची गाडी खाली व्हायची, फरशी थरथरायची आणि पेशी निसटून जायची.

हंगामात जिनिंग फक्त जेवणाच्या सुट्टीत बंद असायची. त्यामुळे आमचं सगळं विज्ञान त्या सुट्टीत व्हायचं. सकाळभर तयारी. भोंगा वाजला, यंत्रं थांबली की आम्ही पिंजऱ्याशी. डबा दुपारी तीनला. एकदा माझी एक पेशी नळीला सुंदर लागली होती आणि सुट्टी संपत आली होती. मॅडम तशाच हातमोज्यांनिशी भिंतीच्या खिंडारातून जिनिंगमध्ये गेल्या. मला खिडकीतून ऐकू येत होतं.

"भाऊ, पाच मिनिटं उशिरा चालू करा."

"काहून?" मुकादम म्हणाला.

"पोरीची पेशी लागली हाय."

"मॅडम, भायेर गाड्या उभ्या हाय. तुमच्या पेशीपायी मी कास्तकार थांबवू काय?"

"तुमचीच पोरगी असती तं?"

"माई पोरगी असती तं मी तिले बँकेत लावलं असतं."

भोंगा वाजला. पेशी गेली. मॅडम परत आल्या, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "त्याचं बरोबर हाय." मला जितका राग त्या वाक्याचा आला तितका भोंग्याचाही आला नसेल. माझ्या बाजूने बोलायला गेलेला माणूस येताना दुसऱ्याची बाजू घेऊन येतो, हे मला नवीन होतं. पुढे सवय झाली.

कौतुक करणं त्यांना जमायचंच नाही. मी काही दाखवलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ जात आणि प्रश्न विचारत. उत्तर दिलं की दुसरा प्रश्न. मी मुळात कमी बोलणारी. घरीही दोन वाक्यांत काम भागवते. त्यांच्यासमोर मी आणखी मिटून जायचे. एकदा त्या म्हणाल्या, "तू कोनाशी बोलत नाईस म्हून तुले वाटते तू एकटी हाय. तुया आत तुयी माय बोलते, बाप बोलते, त्या इंग्लिश शाळेतल्या बाया बोलते. मले आयकू येते सगळं."

शेवटी माझा आलेख तयार झाला. एका रंगात एकटं दार, दुसऱ्या रंगात करवलीसकट. दोन्हींत स्पष्ट अंतर. नोंदणीची मुदत संपत आली होती, तो आलेख म्हणजे माझा प्रबंध होता. मी तो प्रकरणात घालून मॅडमच्या टेबलावर ठेवला. प्रकरण परत आलं तेव्हा भाषेला कुठेही हात लावलेला नव्हता. फक्त जिथे जिथे मी ‘अलोन’ हा शब्द लिहिला होता, तिथे तिथे त्याभोवती पेन्सिलीचं गोल होतं. सगळ्या पानांवर.

"नवरी एकटी कशावरून?" मॅडम म्हणाल्या.

"आपण तिच्यासोबत दुसरं काही घातलंच नाही, मॅडम."

"आपन नाई घातलं. पेशीनं घातलं असन तं?" त्यांनी कच्च्या नोंदींतल्या काही रेषा काढून दाखवल्या. एकट्या दाराच्या पेशी. त्यांतल्या काही पटकन उघडायच्या ऐवजी हळूहळू चढत होत्या. "या पाय. या कायले हळू चालून राह्यल्या? पेशीच्या घरातच एखादी करवली बसली असन तं? अन् तू तं नवरी एकटी म्हून दाखवून राह्यली."

मी त्या पेशी पाहिल्या होत्या. नियम म्हणून मी त्या सरासरीत धरल्याही होत्या, काही लपवलं नव्हतं. पण त्या मला माझ्या हाताची चूक वाटल्या होत्या. जिनिंगचा हादरा, सुकलेला खड्डा, काहीही. आता मॅडम म्हणत होत्या की तो हादरा नव्हता. तसं असेल तर माझा सगळा आलेख सैल होता. दोन्ही बाजूंना करवली होती, एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त, आणि मी त्यांतल्या एकीला एकटी म्हणत होते.

"मॅडम, सगळे असंच छापतात," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. माझ्या आयुष्यात तो फार वेळा चढलेला नाही.

"छापू दे."

"माझी मुदत संपतेय. तुम्ही निवृत्त होताय. ही खोली जाणार आहे."

"हो."

एवढंच. हो. त्या सत्राअखेरीस निवृत्त होणार होत्या आणि प्रयोगशाळेच्या जागी स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका होणार, हे ठरलं होतं. बाके आवारात येऊनही पडली होती. मी घरी जाऊन आईला सांगितलं की मी हे सोडून देतेय. आई म्हणाली, सही मागून घे आणि मोकळी हो. दुसऱ्या दिवशी मी सही मागायलाच गेले. मॅडम पिवळी बादली घेऊन मागे निघाल्या होत्या.

"सही देतो," मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या. "पेन आन. पन मंग ‘एकटी’ हा शब्द खोड. ‘एकटी असन कदाचित’ असं लिही सगळीकडं."

मी पेन आणलं नाही. अजूनही मला सांगता येणार नाही की का. बहुधा मला ते वाक्य लिहायची लाज वाटली. मी बादली त्यांच्या हातातून घेतली आणि खड्ड्यात ओतली, जरा जोरातच. कोळशाचं पाणी माझ्या सलवारीवर उडालं.

"हळू व माय," त्या म्हणाल्या. "मुरू दे त्याले."

पेशीची स्वतःची करवली गप्प करायची तर एक लहानसा आरएनए मागवावा लागतो. तो बर्फात येतो. कुरिअरवाल्याने तो अकोल्याला ठेवला, बर्फ वितळला, आमच्या हातात कोमट डबी आली. पुन्हा मागवला. या वेळी मॅडम स्वतः अकोल्याला जाऊन बसल्या आणि डबी मांडीवर घेऊन आल्या, त्या यंत्रासारखीच. मग रोज सुट्टीच्या भोंग्यापासून सुट्टी संपल्याच्या भोंग्यापर्यंत आम्ही दोघी. मी नळी ओढायचे, त्या स्क्रीन बघायच्या. एकमेकींशी कामापलीकडे बोलत नव्हतो. मी रुसले होते. त्यांना ते कळलं होतं आणि त्यांनी त्याची काहीही दखल घेतली नव्हती.

आणि मग ते दिसू लागलं. पेशीची करवली गप्प केलेल्या पेशींत दार एकदम, पटकन उघडायचं आणि थोड्याशा करंटवर थांबायचं. एकामागून एक, तसंच. हळू चढणारी एकही रेघ नाही. माझा हात चुकीचा नव्हता. जिनिंगचाही दोष नव्हता. एवढी वर्षं मी ज्या पेशींना शिव्या दिल्या त्या खरं तेच सांगत होत्या.

मला वाटलं होतं, आता तरी मॅडम काही म्हणतील. त्या म्हणाल्या, "दिसली एकदाची. चाल, डबे खाऊ."

निरोपाच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. प्राचार्यांनी भाषणात त्यांच्या पाण्याच्या बादलीवर विनोद केला. मॅडमही हसल्या. पुढच्या आठवड्यात ट्यूबमधली हवा सोडली, पिंजरा उकलला, खोलीत बाके लागली. मॅडम त्यांच्या गावी, इंझोरीला, राहायला गेल्या. कागदावर माझ्या मार्गदर्शक त्याच राहिल्या.

प्रबंध देण्याआधी विद्यापीठात सगळ्यांसमोर काम मांडावं लागतं. बोलायची मला भीती होतीच, पण मॅडम येणार होत्या, तो आधार होता. त्या आल्या आणि सगळ्यात मागच्या रांगेत, पंख्याखाली बसल्या. मी आलेख लावला. आता त्यात दोन नाही, तीन रंग होते, आणि सुरुवातीच्या ‘एकटी’चे ठिपके असे विखुरलेले होते की मला स्वतःलाच बघवत नव्हतं.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चष्मा पुसला. "हा तुमचा कंट्रोल? हा तर बाजारात पोतं फाटून तूर सांडावी तसा दिसतोय. याच्या जोरावर तुम्ही तुलना करणार?"

सभागृहात हसू फुटलं. मी मागे पाहिलं. मॅडम बोलतील, त्यांनीच तर हे करायला लावलं होतं. मॅडम पंख्याकडे बघत होत्या. मी थांबले. सगळे थांबले. त्या पंख्याकडेच बघत राहिल्या. एवढी चीड मला भोंग्याची, बर्फाची, खड्ड्याची कधी आली नव्हती.

"सर, तो विस्कटलेला नाही," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, ते मला नंतर लक्षात आलं. "त्या पेशी एकट्या नव्हत्या. आम्ही त्यांना एकट्या समजत होतो. तिसरा रंग बघा. घरची करवली बाजूला केली की नवरी कशी चालते ते तिथे आहे."

करवली म्हणाले मी. कुणी हसलं नाही. सरांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. वाक्यं पुरी होत होती. काही दुरुस्त्या करून प्रबंध सादर करा, असं ठरलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत बाहेरच बघत राहिले. मॅडम शेजारी शेंगा सोलून खात होत्या. कारंज्याच्या स्टँडवर उतरलो. इंझोरीची बस लागलेली होती. मॅडम पिशवी सावरून निघाल्या, तेव्हा माझ्याने राहवेना.

"मॅडम, तुम्ही काहून नाही बोललात?"

त्या वळल्या. "मी बोलले असते तं त्यायनं माया करंट मोजला असता. तुया नाई. मले पायचं होतं, नवरी एकटी कशी चालते."

पाच वर्षांत त्यांच्या प्रश्नांना मी कधी उलट प्रश्न केला नव्हता. त्या दिवशी झाला.

"एकटी कशावरून, मॅडम?"

हातातल्या शेंगेची टरफलं त्यांनी सावकाश पिशवीत टाकली. कंडक्टर ओरडला. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला, जसा स्क्रीन बघताना सरकवायच्या तसा, आणि मग मोठ्याने हसल्या. तशा त्या हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

"हे बरं इचारलं," त्या म्हणाल्या. मग पायरीवर चढताना, पाठमोऱ्याच: "आनि त्या तिसऱ्या रंगात पेशी कमी हाय. अजून कर."

"मॅडम, खोली नाही. यंत्र नाही. कुठे करू?"

"पुन्याले जा. त्यायच्याकडं जिनिंग नाई," खिडकीतून त्यांचा आवाज आला, आणि बस हलली.

स्टँडवरची धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते, रागाने लाल झालेली. प्रबंध सादर करायची परवानगी मिळाली त्या दिवशीही या बाईला एक चांगला शब्द बोलता येत नाही. मग वाशिमच्या गाडीत बसले, पिशवीतून आलेख काढला आणि तिसरा रंग पाहिला. पेशी खरंच कमी होत्या.